गाडीतला स्वयंचलित एसी चोवीस अंश कसे राखतो?

मे महिन्यातल्या दुपारी तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात दोन तास उन्हात उभी असलेली गाडी उघडली, की दारातूनच भट्टीची झळ अंगावर येते. बाहेर 44 अंश असतील, तर बंद काचांच्या आत तापमान 55 अंशांच्या पुढे सहज गेलेले असते आणि स्टीअरिंगला हात लावायचा तर आधी त्यावर दुपट्टा टाकावा लागतो. इंजिन सुरू होते, एसीच्या पडद्यावर 24 हा आकडा उजळतो आणि शेजारी बसलेले काका अधीर होऊन म्हणतात, "चोवीसवर काऊन ठेवलं बा? अठरावर घे न, जीव चालला." नवतपाच्या दिवसांत यवतमाळ-वणीच्या रस्त्यावर हा संवाद मी कितीदा तरी ऐकला आहे आणि काकांचा मान राखून आकडा 18 वर आणलाही आहे. त्यामुळे गाडी एक मिनिटही लवकर थंड होत नाही. काकांना हे पटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांनी आयुष्यभर साधा एसी वापरला आहे.

साध्या एसीत निळ्या-लाल खुणांचे बटण फिरवले, की त्याला जोडलेली तार डॅशबोर्डाच्या आतली एक झडप सरकवते आणि थंड हवेत गरम हवा किती मिसळायची ते ठरते. त्या बटणाला गाडीच्या आत किती गरम आहे याचा पत्ता नसतो. गार वाटू लागले की चालक बटण थोडे लाल बाजूला नेतो, ऊन आले की परत निळ्या बाजूला आणतो, पंख्याचा वेग कमी-जास्त करतो. ओलीत करणारा माणूस सरीत पाणी कुठवर पोहोचले हे पाहून एक बारे बांधतो आणि दुसरे फोडतो, तसेच हे काम आहे. पाहणे, ठरवणे आणि हात चालवणे ही तिन्ही कामे माणूसच करतो. स्वयंचलित एसीत, ज्याला कंपन्या ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल म्हणतात, ही तिन्ही कामे यंत्राकडे जातात. आपण फक्त शेवटी काय हवे तेवढे सांगतो. पडद्यावरचा 24 हा आकडा व्हेंटमधून, म्हणजे डॅशबोर्डावरच्या झरोक्यांतून, येणाऱ्या हवेचा नाही. गाडीच्या आतली हवा शेवटी जिथे येऊन थांबावी अशी आपली इच्छा आहे, तिचा तो आकडा आहे.

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलच्या गाड्यांत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सोय केली होती, आणि चालकाने तापमान ठरवून द्यावे व उरलेले गाडीने पाहावे अशी व्यवस्था कॅडिलॅकने 1964 मध्ये बाजारात आणली. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही ती मिळते, आणि अशा गाड्या चार-पाच वर्षांनी जुन्या बाजारातून खेड्यांत येऊ लागल्यापासून तिच्याबद्दलच्या शंका आणि गैरसमज दोन्ही आपल्या अंगणात आले आहेत.

यंत्राच्या मेंदूकडे वळण्याआधी थंडावा कुठून येतो हे पाहून घेऊ, कारण तो भाग साध्या आणि स्वयंचलित एसीत सारखाच असतो. विदर्भातल्या माणसाला हे तत्त्व शिकवावे लागत नाही. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते, आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या असतात म्हणून हवा गार होते. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एसीतही द्रवाची वाफच होते, फक्त तो द्रव पाणी नसतो आणि त्याची वाफ हवेत सोडून दिली जात नाही. आपण ज्याला नुसते गॅस म्हणतो तो बहुतेक गाड्यांत आर-134ए नावाचा पदार्थ असतो, जो मोकळ्या हवेत उणे 26 अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब असा राखलेला असतो की तो शून्याच्या किंचित वर, साधारण 3 अंशांना उकळत राहील. गेजवर हा दाब 32 पीएसआयच्या आसपास दिसतो, म्हणजे जेवढी हवा आपण गाडीच्या टायरमध्ये भरतो जवळपास तेवढाच. ब्लोअरने, म्हणजे एसीच्या पंख्याने, ढकललेली हवा या कॉइलवरून जाते, गॅस तिच्यातली उष्णता घेऊन उकळतो आणि हवा गार होऊन पुढे जाते.

ही वाफ परत द्रव करायची, तर तिच्यातली उष्णता बाहेर टाकावी लागते. पण बाहेरची हवा 44 अंशांची असताना तिच्यात उष्णता टाकायची म्हणजे वाफ तिच्याहून बरीच गरम असली पाहिजे. कॉम्प्रेसर वाफेला दाबून नेमके हेच करतो. भर उन्हाळ्यात रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये गॅस 60 ते 65 अंशांना द्रव होत असतो आणि तिथला दाब टायरच्या दाबाच्या सात-आठ पट झालेला असतो. इंजिनाची जी ताकद एसी खातो ती इथे खर्च होते. द्रव झालेला गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कमी दाबाच्या कॉइलमध्ये सोडला जातो आणि फेरा पूर्ण होतो. या फेऱ्यात गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता दर उन्हाळ्यात "थोडा गॅस टाकून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे आहे. हवेत सोडलेला हा गॅस पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे, म्हणूनच जगभर त्याच्या जागी आर-1234वायएफ नावाचा दुसरा गॅस येऊ लागला आहे.

गरम हवेची सोय तर त्याहून सोपी आहे. इंजिन थंड ठेवणारे कूलंट 85 ते 95 अंशांपर्यंत तापलेले असते, त्याचा एक फाटा डॅशबोर्डामागच्या हीटर कॉइलमधून फिरवलेला असतो. म्हणजे ब्लोअरच्या हवेच्या वाटेवर आधी 3-4 अंशांची थंड कॉइल आहे आणि तिच्या पुढे 85 अंशांची गरम कॉइल आहे. या दोहोंच्या मध्ये एक झडप आहे, जी हवेचा किती भाग गरम कॉइलवरून न्यायचा आणि किती भाग तिला वळसा घालून न्यायचा हे ठरवते. मेकॅनिक तिला ब्लेंड फ्लॅप म्हणतात. साध्या एसीत तिला बटणाची तार हलवते, स्वयंचलित एसीत एक छोटी मोटर हलवते, आणि त्या मोटरला किती फिरायचे ते एक कंट्रोलर सांगतो. कंट्रोलर कशाच्या आधारे सांगतो, हा या लेखाचा खरा विषय आहे.

त्याला आधी परिस्थिती कळावी लागते, आणि त्यासाठी गाडीत ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. आतल्या हवेचा सेन्सर बहुतेक वेळा स्टीअरिंगजवळ, दोन बोटे रुंदीच्या बारीक जाळीमागे असतो. बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे असतो. कूलिंग कॉइलला चिकटलेला एक सेन्सर असतो, कूलंटचा एक असतो, आणि गॅसच्या नळीवर दाब मोजणारा एक असतो. याखेरीज समोरच्या काचेजवळ डॅशबोर्डावर शर्टाच्या बटणाएवढा एक काळसर घुमट दिसतो, तो उन्हाचा सेन्सर होय. ऊन वेगळे मोजण्याचे कारण असे, की आतल्या हवेचे तापमान वाढण्याच्या कितीतरी आधी काचेतून आलेले ऊन मांडीवर आणि हातावर चटके देऊ लागते, आणि माणसाला गरम वाटते ते थर्मामीटरवरच्या आकड्याइतकेच त्या चटक्यांमुळे.

तापमानाचे बहुतेक सेन्सर म्हणजे थर्मिस्टर असतात. एका हिवाळ्यात सकाळी ओळखीच्या एका मेकॅनिकने कूलिंग कॉइलचा जुना सेन्सर माझ्या हातात ठेवला. तुरीच्या दाण्याएवढा काळा मणी आणि त्यातून निघालेल्या दोन तारा, एवढेच ते प्रकरण होते. त्याने तारा मल्टिमीटरला लावल्या तेव्हा विद्युतरोधाचा आकडा बारा हजार ओहमच्या थोडा वर होता. मग त्याने तो मणी मला चिमटीत धरायला लावला, आणि अर्ध्या मिनिटात, काहीही न करता, आकडा सरकत सरकत आठ हजारांच्या खाली आला. मणी तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि गार झाला की वाढतो, एवढाच त्याचा गुण आहे. 25 अंशांना 10 हजार ओहम दाखवणारा थर्मिस्टर शून्य अंशाला सुमारे तीस हजारांवर जातो. कंट्रोलर त्याला एका ठरावीक रोधातून 5 व्होल्ट देतो आणि मण्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट उरले ते वाचतो. तो ठरावीक रोधही 10 हजारांचा असेल तर 25 अंशांना 2.5 व्होल्ट, शून्य अंशाला पावणेचारच्या आसपास आणि 50 अंशांना दीडच्याही खाली व्होल्ट उरतात. गाडीला तापमान कळते ते अशा व्होल्टच्या रूपात.

यातूनच एक गंमत निघते. उंदराने ती तार कुरतडली, तर कंट्रोलरला पूर्ण 5 व्होल्ट दिसतात, आणि हिशेबाप्रमाणे 5 व्होल्टचा अर्थ हाडे गोठवणारी थंडी असा होतो. त्यावर आंधळा विश्वास ठेवला तर भर मे महिन्यात गाडी हीटर चालू करील. म्हणून शक्य कोटीतल्या सीमेबाहेरचे व्होल्ट दिसले की कंट्रोलर त्या सेन्सरला बाद ठरवतो, स्वतःच्या आठवणीतला एखादा मधला आकडा धरून चालतो आणि दोषाची नोंद करून ठेवतो. काही गाड्यांत बाहेरच्या तापमानाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा दिसू लागतात, त्या याच कारणाने.

बाहेरच्या सेन्सरचे तर अधिकच सांभाळून घ्यावे लागते. गाडी धावत असताना त्याच्यावरून ताजी हवा वाहत असते, पण रेल्वे फाटकात दहा मिनिटे थांबले, की आपल्याच रेडिएटरची आणि पुढच्या ट्रकची गरम हवा त्याच्याभोवती साचते आणि तो 44 चे 52 सांगू लागतो. हे ओळखून बहुतेक गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये असा नियम घातलेला असतो, की गाडी उभी असताना वर जाणारा आकडा लगेच मान्य करायचा नाही, गाडीने वेग घेऊन थोडा वेळ गेला की मगच तो धरायचा. खाली येणारा आकडा मात्र चटकन मान्य करायचा.

आता हिशेब. कंट्रोलर स्वतःला सतत एकच प्रश्न विचारत असतो: या क्षणी व्हेंटमधून किती अंशांची हवा सोडली पाहिजे? आपण मागितलेले तापमान, आतले तापमान, बाहेरचे तापमान आणि ऊन हे चार आकडे, प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे एका गुणकाने गुणून, एकत्र करून तो उत्तर काढतो. गुणक कोणते घ्यायचे हे कंपनी त्या-त्या गाडीच्या काचा, पत्रा आणि आकार पाहून चाचण्यांवरून ठरवते. समजून घेण्यापुरते आपण आपलेच गुणक धरू. मागितलेल्या आकड्यापासून सुरुवात करायची. आतले तापमान त्याहून जितके अंश जास्त, त्याच्या तिप्पट वजा करायचे. बाहेरचे जितके जास्त, त्याच्या निम्मे वजा करायचे. आणि कडक उन्हासाठी 6 वजा करायचे.

बाजार समितीतून निघताना आत 55 आणि बाहेर 44 आहे, आपण 24 मागितले आहेत. तिप्पट 31 म्हणजे 93 गेले, बाहेरच्यासाठी 10 गेले, उन्हासाठी 6 गेले; 24 मधून 109 वजा होऊन उत्तर आले उणे 85 अंश. एवढी थंड हवा कोणताही एसी देऊ शकत नाही, त्याची धाव कॉइलच्या 3-4 अंशांपर्यंतच आहे. म्हणून कंट्रोलर जे काही करता येण्यासारखे आहे ते सगळे करतो: हीटरकडची वाट पूर्ण बंद, कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने, ब्लोअर पूर्ण वेगाने. आता काकांच्या सांगण्यावरून 18 केले तर उत्तर उणे 112 येते. उणे 85 असो की उणे 112 असो, दोन्ही वेळा यंत्र शक्तीच्या शेवटच्या टोकालाच आहे. बैलांची जोडी आधीच जीव तोडून पळत असताना तुतारी आणखी टोचून गाडी लवकर पोहोचत नाही, तसे हे आहे.

फरक पडतो तो नंतर. आतले तापमान 24 वर आले की पहिल्या हिशेबात तिप्पटीचा भाग शून्य होतो आणि उत्तर येते 8 अंश. म्हणजे बाहेरून येणारी उष्णता आणि ऊन यांना उतारा म्हणून 8 अंशांची हवा पुरेशी आहे. यंत्र मागे सरकते, पंखा हळू होतो, आवाज कमी होतो, इंजिनावरचा भार उतरतो. 18 मागितलेल्या गाडीत मात्र आतले 18 राखायलाच उणे 1 अंशाची हवा लागते, जी कॉइलकडून मिळत नाही. त्यामुळे ती गाडी 18 वर कधी पोहोचतच नाही. पूर्ण ताकदीने धावत 20-21 च्या आसपास अडकून राहते, पाय गारठतात आणि डिझेल जात राहते. काही गाड्यांत आकडा आणखी खाली नेला तर पडद्यावर 'लो' अशी अक्षरे येतात. तिथे तर बहुधा हिशेबच थांबतो आणि यंत्र साध्या एसीसारखे जास्तीत जास्त थंडी देत सुटते.

त्या 8 अंशांपर्यंत पोहोचायचे कसे, हेही कंट्रोलर ठरवतो. कॉइल 4 अंशांवर आणि हीटर 85 वर असेल, तर हवेचा साधारण विसावा भाग गरम कॉइलवरून नेला की मिश्रण 8 अंशांचे होते. मोटर झडपेला तेवढीच उघडते, आणि झडप खरोखर किती उघडली हे मोटरमध्येच बसवलेला छोटा रोध कंट्रोलरला उलट कळवतो. आधी हवा गार करायची आणि मग तीच तापवायची यात उधळपट्टी आहे हे उघड आहे. म्हणून नव्या गाड्यांतले कॉम्प्रेसर कमी-जास्त दाबण्याची सोय असलेले असतात, आणि शक्य असेल तेव्हा कंट्रोलर कॉइललाच 8-10 अंशांवर राहू देतो. जुन्या प्रकारात कॉम्प्रेसर एक तर चालू असतो नाहीतर बंद. कॉइलवर बर्फ धरेल इतकी ती गार झाली की कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा मॅग्नेटिक क्लच 'टक' करून सुटतो आणि थोड्या वेळाने परत 'टक' करून धरतो. गॅसचा दाब फार खाली गेला किंवा कंडेन्सर कोंडून फार वर गेला तरीही कॉम्प्रेसर बंद ठेवला जातो.

पंख्याचा वेगही त्याच एका उत्तरावरून ठरतो. उत्तर फार थंड किंवा फार गरम असेल तर वेग जास्त, मधले असेल तर कमी. कागदावर काढले तर कढईसारखी दोन्ही काठ उचललेली रेघ दिसते. पण इथे यंत्र थोडा विचारीपणा दाखवते. तापलेली गाडी सुरू करताच पंखा पूर्ण वेगाने सोडला तर नळ्यांत साचलेली भट्टीची हवा थेट तोंडावर येईल, म्हणून बऱ्याच गाड्यांत कॉइल गार होईपर्यंत पहिले काही सेकंद पंखा मुद्दाम हळू ठेवला जातो. डिसेंबरच्या पहाटे याच्या उलट होते: कूलंट कोमट होईपर्यंत पंखा जवळजवळ गप्प बसतो, आणि लोक समजतात हीटर बिघडला. आणखी दोन झडपा त्याच उत्तराप्रमाणे हलतात. एक झडप थंड हवा तोंडाकडे, गरम हवा पायांकडे आणि मधल्या ऋतूत दोन्हीकडे पाठवते. दुसरी झडप बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची ते पाहते. 44 अंशांची हवा पुन्हा पुन्हा आत घेऊन गार करण्यापेक्षा आतली 30 अंशांची हवा परत फिरवणे शहाणपणाचे असल्यामुळे उन्हाळ्यात गाडी आपणहून आतली हवा फिरवते. मात्र चार-पाच माणसे तासभर तशीच बसली तर श्वासाची कोंडलेली हवा जड होते आणि चालकाला पेंग येते, म्हणून ती मधूनमधून बाहेरची वाट उघडते. निघताना दोन मिनिटे काचा खाली करून आतली 55 अंशांची हवा बाहेर हाकलणे हे काम मात्र यंत्राला जमत नाही, ते आपणच करावे. काकांना खरोखर घाई असेल तर हा उपाय 18 या आकड्यापेक्षा कितीतरी पटींनी गुणकारी आहे.

हिशेब कितीही चोख असला तरी सेन्सर जे सांगतील त्यावरच तो चालतो, आणि हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी डॅशबोर्डाचे प्लास्टिक तडकू नये म्हणून त्यावर जाड टॉवेल अंथरला. त्यानंतर गाडी सकाळी उत्तम गार होई आणि ऐन दुपारी मात्र उगाच ढिली पडल्यासारखी वाटे. टॉवेलखाली उन्हाचा सेन्सर झाकला गेला होता; गाडीच्या लेखी त्या उन्हाळ्यात ऊन पडलेच नव्हते. वरच्या हिशेबातले उन्हाचे 6 वजा झालेच नाहीत, तर 8 ऐवजी 14 अंशांची हवा येईल, आणि दुपारी दोनच्या उन्हात हा फरक अंगाला चांगलाच जाणवतो. हे कळण्याआधी मी एका दुकानात दोनदा गॅस भरून घेतला होता. गॅस मुळात पुरेसा असल्यामुळे तो जास्तीचा झाला, कंडेन्सरमधला दाब वाढला आणि थंडावा होता त्याहून कमी झाला. तो जास्तीचा गॅस मोजून काढून घेण्याचे पैसे पुन्हा वेगळे द्यावे लागले.

आपल्या भागातले दोन-तीन दोष तर ऋतूंप्रमाणे येतात. आश्विन-कार्तिकात सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की कुटाराची धूळ, आणि त्यानंतर वेचणीच्या व जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू, कंडेन्सरच्या बारीक पात्यांमध्ये जाऊन बसतात. समोरून पाहिले तर राखाडी नमदा चिकटल्यासारखा दिसतो. त्यातून हवा जात नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो, आणि साध्या पाण्याच्या हलक्या धारेने जे काम होते त्यासाठी माणूस कॉम्प्रेसर बदलायला निघतो. आतल्या हवेच्या सेन्सरचेही असेच आहे. त्या छोट्या जाळीतून थोडी थोडी हवा ओढून घेण्यासाठी मागे बारीक नळी किंवा चिमुकला पंखा असतो. जाळी धुळीने बुजली, की सेन्सर डॅशबोर्डाच्या आतल्या कोंडलेल्या गरम हवेचेच तापमान सांगत राहतो, गाडी थंड झाली तरी कंट्रोलरला ती तापलेलीच वाटते आणि पंखा काही केल्या कमी होत नाही. जाळीसमोर टिश्यू पेपरचा लहान तुकडा धरून तो हलकासा ओढला जातो का हे पाहिले तरी पुरे. पांदण रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात बदलावा, असे माझे मत आहे. त्यात उंदराने केलेले घरटे मी एकदा पाहिले आहे.

पावसाळ्यात याच यंत्राचे दुसरे काम पुढे येते. नवतपातल्या कोरड्या दुपारी कूलर जिंकतो आणि श्रावणात तो हरतो, हे विदर्भातल्या घराघरांत ठाऊक आहे. हवा आधीच ओली असली की ताट्यांतले पाणी वाफ व्हायला तयार नसते. एसी मात्र हवेतला ओलावा काढून टाकतो. ओलसर हवा 3-4 अंशांच्या कॉइलला लागली, की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊन कॉइलवर जमते आणि नळीने गाडीखाली गळते. काचेवर आतून धुके धरते तेव्हा समोरच्या काचेचे बटण दाबल्यावर, बाहेर थंडी असली तरी, कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो तो याचसाठी: हवा आधी कॉइलवर कोरडी करायची, मग हीटरवर कोमट करायची आणि मग काचेवर सोडायची. गार करून परत तापवणे इथे उधळपट्टी ठरत नाही. धुके काचेच्या बाहेरून धरले असेल तर गोष्ट उलटी असते. तिथे थंड हवेने काचच जास्त गार झालेली असते, म्हणून हवेचा झोत काचेवरून काढून घ्यावा आणि वायपर फिरवावा.

गाडीखाली गळणारे हे पाणी पाहून घाबरलेले लोक दर पावसाळ्यात भेटतात. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल तर ते हवेतलेच आहे. उलट ते बाहेर गळायचे थांबून पुढच्या सीटच्या पायाशी साचू लागले, तर नळी चिखलाने बुजली आहे असे समजावे. ही नळी पाहायची असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये, एसी चालू ठेवून, तिच्याखाली पेला ठेवून पाहावा. 45 अंशांच्या कोरड्या दुपारी एका घनमीटर हवेत जेमतेम 8 ग्रॅम वाफ असते आणि पेल्याचा तळ मुश्किलीने ओला होतो. जुलैतल्या 30 अंशांच्या दमट हवेत तीच वाफ 25 ग्रॅमच्या घरात असते, आणि चहा पिऊन परत येईपर्यंत पेला भरू लागलेला असतो.